पालथा सरदार

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत आलेल्या आईबापांना न्यूयॉर्क दिसतं ते जावयाच्या रजेप्रमाणे. मे महिन्यातल्या एका मंगळवारी जावयाने सुट्टी टाकली, "आज बाळाचं मी बघतो, तुम्ही दोघं फिरून या" म्हणाला, आणि आम्ही नवराबायको जर्सी सिटीतून बाहेर पडलो. स्वातंत्र्यदेवी आधीच बघून झाली होती. टाइम्स स्क्वेअरच्या दिव्यांनी हिचं डोकं दुखूनही झालं होतं. आदल्या रात्री मुलीने विचारलं होतं, "बाबा, आता काय बघायचंय?" मी म्हटलं, "दगड."

ती हसली, पण तिला माझी खोड माहीत आहे. चौतीस वर्षं सरकारी बांधकामात गेली माझी, त्यातली निम्मी साकव, मोऱ्या आणि लहान पूल यांच्यावर. या शहरात काच आणि पोलाद बघून मान दुखते, पण टाकीने घडवलेला दगड काही हाताला लागत नव्हता. तिने क्लॉइस्टर्सचं नाव काढलं. मेट्रोपॉलिटन म्युझियमचीच ही शाखा, पण मॅनहॅटनच्या पार उत्तरेला, फोर्ट ट्रायन पार्कच्या टेकडीवर. युरोपातल्या मध्ययुगाला वाहिलेली. तिथे जुन्या मठांचे तुकडे आणून त्यांचीच इमारत केली आहे असं ती म्हणाली. तुकडे आणून इमारत केली, हे ऐकल्यावर मी रात्रभर सांध्यांचाच विचार करत होतो.

'ए' गाडीने एकशेनव्वदाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलो. हे स्टेशन खडकाच्या पोटात खोल आहे, वर यायला लिफ्ट. लिफ्टचं दार उघडलं की एकदम झाडंच झाडं. ही म्हणाली, "आधी खाऊन घेऊ, आत डबा उघडू देणार नाहीत." बाकावर बसून दशम्या आणि सोलापूरची शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोर खाली हडसन नदी आणि पलीकडच्या काठावर उभा कडा, त्याच्यावर गच्च झाडी. एकही इमारत नाही. न्यूयॉर्कच्या इतक्या जवळ नदीकाठची जमीन मोकळी कशी राहिली, हा प्रश्न बांधकामवाल्याला पडतोच. पुढे कळलं की धाकट्या जॉन डी. रॉकफेलरने हे म्युझियम आणि हा बाग उभा करायला पैसा दिला आणि शिवाय समोरच्या न्यू जर्सीच्या काठावरची शेकडो एकर जमीनही घेऊन ठेवली. म्युझियममधून पलीकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत काही खुपू नये म्हणून. आमच्याकडे घरासमोरची गटार झाकायला दोन अंदाजपत्रकं परत येतात. इथे माणसाने समोरचं दृश्यच विकत घेतलं!

क्लॉइस्टर म्हणजे काय याचं कोडं मला आत पाऊल टाकताक्षणी सुटलं. चौसोपी. मधे उघडा चौक, चारी बाजूंनी खांबांवर पेललेला सोपा. फरक इतकाच, की आपल्या वाड्याच्या चौकात धुणं, वाळवणं आणि भांडणं चालत, आणि यांच्या चौकात भिक्षू मुकाट्याने पोथी वाचत फेऱ्या घालत. इथे असे चार चौक आहेत, चार वेगळ्या फ्रेंच मठांचे. मोठा कुशाच्या मठाचा. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचा बेनेडिक्टाइन मठ, खांब साधारण ११३० ते ११४० मधले, गुलाबी संगमरवराचे. आपल्याकडे उत्तर चालुक्यांची देवळं उभी राहत होती त्याच शतकातले. खांबांच्या माथ्यावर सिंह एकमेकांत असे गुंतवलेत की धडं दोन आणि डोकं एकच. कोपऱ्यावर ते डोकं आणि दोन्ही अंगांना शरीरं. हे डोकं बघून हिने सहज म्हटलं, "कीर्तिमुखच की हो." मी नाही म्हणालो नाही. दगडाच्या कोपऱ्याचं काय करायचं ही अडचण इथून तिथून सगळ्या पाथरवटांना सारखीच, उत्तरंही मग सारखीच सुचत असणार.

मी मात्र सिंहांपेक्षा तळखडे आणि कमानींचे दगड बघत होतो. जरा वेळ दिला की जुना दगड आणि नवा दगड कळायला लागतो. जुन्याची कड झिजलेली, अंगावर बारीक खड्डे. नव्याची कड अजून सरळ. मूळ चौक याच्या दुपटीने मोठा होता. जेवढं हाती आलं तेवढ्यावर आकार ठरवला आणि खिंडारं भरायला त्याच भागातल्या खाणीचा संगमरवर पुन्हा काढला. हे मला फार आवडलं. दुरुस्ती करायची तर त्याच खाणीचा दगड आणावा, हे आम्ही टिपणीत लिहायचो. लिहायचो.

एका खांबाच्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं, तर मागून आवाज आला, "सर, प्लीज." पहारेकरी बाई होत्या. हात मागे घेतला. ही माझ्याकडे अशी बघत होती जशी ती मला भाजी मंडईत टोमॅटो दाबताना बघते.

हे खांब इथे आले कसे, त्याची गोष्ट खांबांपेक्षा रंगतदार आहे. जॉर्ज ग्रे बर्नार्ड नावाचा अमेरिकन शिल्पकार फ्रान्समध्ये राहून पेनसिल्व्हेनियाच्या विधानभवनासाठी पुतळे घडवत होता. मधेच पैसे आटले. मग त्याने जुने दगड घ्यायचे आणि विकायचे हा जोडधंदा धरला. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ जप्त झाले, लिलावात गेले, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांचे दगड पंचक्रोशीत पांगले. लोकांनी काय करावं? दगड चांगला, घडवलेला, फुकट. सँ गिलेमच्या मठाचे खांब शेजारच्या गावातल्या एका न्यायाधीशाच्या बागेत होते, द्राक्षाच्या मांडवाला टेकू म्हणून. हे वाचून मी हसलो. आमच्या इंदापूरकडे मांडवाला लोखंडी अँगल लागतात. बाराव्या शतकातले कोरीव खांब लावलेले असते तर वेलाला काही जास्त घड आले असते असं नाही, पण मालकाचा रुबाब किती वाढला असता!

असले दगड बर्नार्डने गोळा केले. फ्रान्समध्ये कुरकुर सुरू झाली, आणि १९१३ च्या अगदी शेवटच्या दिवशी तिथे जुन्या वास्तूंना संरक्षण देणारा कायदा झाला. बर्नार्डचा माल त्याआधीच जहाजावर चढला होता. १९१४ मध्ये त्याने याच परिसरात विटांची इमारत बांधून आपलं संग्रहालय उघडलं. नोकरांना भिक्षूंचे झगे घालून तो लोकांना आत फिरवायचा. १९२५ मध्ये रॉकफेलरच्या पैशातून मेट्रोपॉलिटनने सगळं विकत घेतलं आणि १९३८ मध्ये टेकडीवरची ही इमारत उघडली. ती कुठल्याही एका मठाची नक्कल नाही. चार्ल्स कॉलेन्स या वास्तुकाराला काम होतं ते उलटं. आम्ही आधी नकाशा काढतो आणि मग दगड मागवतो. त्याच्याकडे दगड आधी येऊन पडले होते.

बर्नार्ड चोर होता की राखणदार, यावर मी दिवसभर मत बदलत राहिलो. सकाळी चोर वाटला.

मग आम्ही फुएंतिदुएन्याच्या दालनात शिरलो आणि मी बसलोच. स्पेनमधल्या सेगोव्हिया प्रांतातलं एक खेडं, तिथल्या सान मार्तिन चर्चचा गाभारा. बाराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतला. अर्धगोल भिंत आणि वर अर्धा घुमट. चर्चचं बाकीचं अंग तिथे पडून गेलं होतं, हा गाभारा तेवढा उभा होता. तो सुटा करून अटलांटिकच्या पलीकडे आणला. सुमारे ३,३०० दगड. घुमट उतरवणं बांधण्यापेक्षा अवघड. आधी खालून सेंट्रिंग उभं करायचं, मग माथ्याचा दगड सैल करायचा, मग एकेक थर उतरवत यायचं, आणि प्रत्येक दगडावर नंबर. एक नंबर पुसला गेला, की घुमट परत जुळवताना शेवटी एक दगड हातात उरतो आणि एक भोक वर उरतं. मी खाली बसून वर बघत थर मोजत होतो. दरजा कुठे नवीन भरल्यात ते शोधत होतो. सापडलं नाही. ज्याने हे जुळवलं त्या मुकादमाचं नाव कुठे लिहिलेलं नव्हतं, असायला हवं होतं.

आणखी एक गंमत. हा गाभारा म्युझियमचा नाहीच. स्पेन सरकारने तो १९५८ साली दिला तो कायमचा उसना म्हणून. बदल्यात मेट्रोपॉलिटनने सान बाउदेलिओच्या चर्चमधली, पूर्वी स्पेनमधून बाहेर गेलेली भित्तिचित्रं प्रादो म्युझियमला पाठवली. कायमचं उसनं! आमच्या चाळीत वाटीभर साखरेला हे नाव असायचं.

ही माझ्या शेजारी येऊन बसली. वर बघत म्हणाली, "पळसदेव असं उचलता आलं असतं का हो?"

हा प्रश्न मी टाळत होतो, तो तिने विचारला. पळसदेव माझ्या मामाचं गाव. भीमेच्या काठावर, इंदापूर तालुक्यात. उजनी धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा मी कॉलेजात होतो. लोकांनी घरं उतरवली, हाच शब्द तेव्हाही होता. तुळया, दारं, चौकटी, पत्रे, वापरता येतील तेवढ्या विटा, सगळं बैलगाडीत घालून वरच्या माळावर नेलं. मामाने माजघराच्या खांबाखालचे तळखडेसुद्धा उपटून नेले. पण पळसनाथाचं देऊळ तिथेच राहिलं. नव्या गावात नवं देऊळ झालं, देव वर आला, जुनं देऊळ पाण्यात गेलं. कोरीव खांब, शिखर, भोवतीचे वीरगळ, सगळ्यासकट. उन्हाळ्यात धरण उण्यात गेलं की शिखर वर येतं, आणखी खाली गेलं की देऊळच मोकळं होतं. मग लोक होडीने किंवा चिखल तुडवत बघायला जातात, वर्तमानपत्रांत फोटो येतात, पाऊस लागला की पुन्हा पाणी.

तांत्रिक उत्तर मी तिला दिलं. आलं असतं. कोरडी बांधणी उलट सोपी, दगडाला दगड बसवलेला, नंबर टाकायचे आणि उतरवायचे. श्रीशैलम धरणाच्या वेळी आंध्रात कुडवेल्लीचं संगमेश्वराचं देऊळ तसंच उतरवून आलमपूरला नेऊन उभं केलं. क्रेन, माणसं, पैसा आणि ते करायचंच असं म्हणणारा एक माणूस लागतो. ही गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण मग ते भीमेच्या काठी नसतं ना."

त्या गाभाऱ्यात वर मारियेचं भित्तिचित्र आहे, ते स्पेनमधल्या दुसऱ्याच चर्चमधलं. समोर टांगलेला क्रूसावरचा ख्रिस्त तिसऱ्याच गावचा. कुणीच आपल्या घरी नाही आणि तरी सगळे एकत्र बरे दिसतात. जर्सी सिटीतल्या आमच्या मुलीच्या सोसायटीसारखे.

पुढची काही दालनं भरभर झाली. संतांच्या मूर्ती, हस्तिदंत, रंगीत काचा. फ्रान्सच्या राणीचं प्रार्थनेचं पुस्तक, अवघं तळहाताएवढं, त्यातली चित्रं बघायला माझा चष्मा पुरला नाही. एका लाकडी पटावरच्या मेरोद चित्राशी मात्र थबकलो. रॉबर्ट काम्पँच्या कारखान्यातलं, १४२७ ते १४३२ च्या सुमाराचं. मधल्या फळीवर देवदूत मारियेला निरोप सांगायला आलाय. सगळे तिथे बघत होते. उजव्या फळीवर मारियेचा नवरा योसेफ आपल्या सुतारकामात गर्क आहे, हातात गिरमिट, लाकडाला भोकं पाडतोय. बाकावर हातोडा, खिळे. आणि त्याने काय बनवलंय, तर उंदराचा सापळा. एक बाकावर, एक खिडकीबाहेर फळीवर, गिऱ्हाइकाला दिसेल असा. विद्वान लोक सांगतात की सैतानाला पकडायचा तो सापळा. असेल. मला मात्र शेजारच्या खोलीत जगाचं भवितव्य ठरत असताना हातातलं भोक सरळ पडलं पाहिजे म्हणून मान घातलेला माणूस दिसला. असे दोन-तीन सुतार माझ्या साइटवर होते.

एकशिंगीचे पडदे ज्या खोलीत आहेत तिथे आमच्या भूमिका बदलल्या. दगडांपुढे ही कंटाळली होती, इथे मी बाकावर आणि ती भिंतीशी. १४९५ ते १५०५ च्या दरम्यान विणलेले हे सात पडदे. एकशिंगी घोड्याची शिकार, पाठलाग, वध, आणि शेवटी तो पुन्हा जिवंत, बागेत कुंपणात बसलेला. बारा फूट उंच पडदा, लोकर, रेशीम, चांदीचा आणि सोन्याचा मुलामा दिलेला धागा. हिच्या आईने येवल्याहून आणलेली एक पैठणी आमच्याकडे आहे. ती डोळे बारीक करून हात मागे बांधून जवळ गेली (पहारेकऱ्याचा धडा तिने माझ्यावरून घेतला होता) आणि परत येऊन म्हणाली, "हे पदरासारखंच आहे. रंगागणिक वेगळी कांडी. हे पान संपलं की हिरवा तिथून परत फिरवायचा आणि दुसरा घ्यायचा. दिवसाला बोटभर होत असेल." ही तिची दाद होती. एरवी ती सहजासहजी कुणाला देत नाही.

त्या बसलेल्या एकशिंगीच्या पांढऱ्या अंगावर लाल ओघळ आहेत. आधी रक्त वाटतं. पण वर डाळिंबाचं झाड आहे, फळं तडकलीत आणि त्यांचा रस ठिबकतोय. डाळिंबाच्या पट्ट्यातला माणूस म्हणून माझी एक हरकत नोंदवतो. डाळिंबाला असं एकच सरळसोट खोड सहसा नसतं, ते बुडापासून चार-पाच फांद्यांनी फुटतं, आणि एवढं तडकलेलं फळ झाडावर ठेवलं तर मामाने गड्याला बोल लावले असते. विणणाऱ्याने झाड ऐकून काढलं असावं. फळ मात्र खाल्लेलं असणार, दाणे बरोबर आहेत.

हे पडदे फ्रान्समधल्या ला रोशफुको या सरदार घराण्याचे. क्रांतीत गढी लुटली गेली तेव्हा तेही गेले. साठेक वर्षांनी सापडले ते शेतकऱ्यांकडे. थंडीत बटाट्यांचे ढीग गोठू नयेत म्हणून त्यांच्यावर पांघरलेले. १९२२ मध्ये रॉकफेलरने दहा लाखांहून जास्त डॉलर मोजून ते घेतले. ही म्हणाली, "बटाटे तरी वाचले असतील." खरं आहे. त्या शेतकऱ्यांना माहीत असतं तर त्यांनी ते पडदे विकले असते. माहीत नव्हतं म्हणून राहिले, सोन्याचांदीच्या धाग्यांसकट.

खालच्या मजल्यावर गॉथिक चॅपेल आहे. उंच खिडक्यांतून रंगीत उजेड पडतो आणि जमिनीवर दगडी सरदार झोपलेले असतात. थडग्यांवरचे पुतळे. त्यातल्या एकाशी मी आलो, फलक वाचला, आणि परत पहिल्यापासून वाचला.

झाँ दाल्युई. फ्रान्सच्या तुरेन भागातला सरदार. १२४१ साली तो धर्मयुद्धासाठी पवित्र भूमीकडे निघाला, तीन वर्षांनी परत आला, १२४८ च्या सुमारास वारला. ला क्लार्ते-द्यूच्या मठात त्याला पुरलं. अंगावर चिलखत, हात छातीवर जोडलेले, डोळे उघडे, पायाशी सिंह. पुतळा सात फुटांच्या आसपास. तलवारीच्या मुठीचं टोक तिथल्या तलवारींसारखं नाही. जाणकारांच्या मते ती चिनी घडणीची तलवार आहे. पूर्वेकडे गेलेला माणूस बाजारातून काहीतरी घेऊन आला, आणि पाथरवटाने मूठ जशी दिसली तशी कोरली. त्याचं काम चोख होतं.

आणि मग हे. क्रांतीनंतर मठ मोडला, तेव्हा हा पुतळा एका लहान ओढ्यावर पालथा टाकला होता. पूल म्हणून. लोक त्याच्या पाठीवरून ये-जा करत आणि त्याचं तोंड खाली पाण्याकडे.

मी हिशोब केला. सवय. चुनखडीची सात फुटी शिळा, जाडी भरपूर, दोन्ही बाजूंना टेकायला फूटभर धरलं तरी पाच फुटांचा गाळा सहज झाकतो. पाठ सपाट. साकवाला याहून चांगली लाद मागूनही मिळाली नसती. कोरलेली बाजू वर ठेवली तर पाय अडखळतात, पाणी साचतं. पालथीच टाकायला हवी. मीही तशीच टाकली असती.

मी तशीच टाकली होती.

१९८८ चा मे. नोकरीचं तिसरं वर्ष. एका तालुक्यात, नाव कशाला घेऊ, वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाद्यांची एक जुनी मोरी होती. दोन फुटी गाळा, वर दगडी लाद्या. ऊस भरलेली बैलगाडी गेली आणि मधली लाद मोडली. पाऊस तोंडावर. पाईप मागवला तर दिवाळी उजाडेल अशी परिस्थिती. मुकादम म्हणाला, "साहेब, पलीकडच्या बांधाला एक शिळा पडलीया. मापात बसंल." चौघांनी पहारी लावून सरकवत आणली. मातीचा थर झाडला तर वीरगळ. खाली ढाल-तलवार घेतलेला वीर आणि समोर घोडा, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, सगळ्यात वर तोच वीर पिंडीपुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. चौकटींच्या मधे एक पट्टी कोरी. नाव लिहिलेलं नव्हतं. कुणी गाईंसाठी मेला असेल, कुणी गावासाठी.

पळसदेवच्या वीरगळांवर बसून मी लहानपणी चिंचा खाल्लेल्या. मला कळत होतं ते काय आहे. मुकादमालाही कळत होतं, त्याने आधी कुंकवासारखं काहीतरी बोटाने पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. ढग भरून आले होते. मोजमाप वहीत 'लाद बदलणे, नग १' एवढं लिहायचं होतं. मी म्हटलं, "पालथा घाला."

सदतीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. आता झाँ दाल्युईच्या पायाशी उभा राहून हिला सांगितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. नाकाडोळी शाबूत, चिलखताची कडी न् कडी दिसते. म्हणाली, "पालथा होता म्हणून चेहरा राहिला असेल याचा." असं कुठे लिहिलेलं नव्हतं, तिचा आपला अंदाज. तो माझ्या सोयीचा होता, म्हणून मी त्याच्यावर फार विसंबलो नाही.

बाहेर बोनफोंच्या चौकात औषधी आणि रंगाच्या वनस्पती लावल्यात. मध्ययुगातल्या याद्या बघून, कामाप्रमाणे वाफे पाडून. पडद्यातले सगळे रंग तीनच झाडांचे, तीही इथे आहेत, त्यातलं लाल रंगाचं मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण. ही वाफ्या-वाफ्याशी वाकून पाटी वाचत होती आणि नातीच्या उटण्याला काय काय चालेल त्याचा मनात बेत करत होती. मी कठड्याशी उभा राहून नदी बघितली. बर्नार्ड संध्याकाळी मला चोर वाटत नव्हता. राखणदारही नाही. त्याला दगड उलटा करून बघायची सवय होती एवढंच म्हणता येईल.

घरी आलो तर बाळ जागं, जावई घामाघूम. जेवणं झाली, ही बाळाला घेऊन आत गेली. रात्रीचे दहा वाजत आले होते, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. मुकादमाचा नंबर होता माझ्याकडे, दर दसऱ्याला तो सोन्याचा फोटो पाठवतो. फोन लावला. आधी नात झाल्याबद्दल त्याचं बोलून झालं, मग पाऊसपाणी. मग मी मोरीचं विचारलं.

"हाय की," तो म्हणाला. "वर डांबर पडलं, मग खडी, मग परत डांबर. पण मोरी तीच. पाणी खालनं जातंय."

"आणि ती शिळा?"

"कुठली? ती व्हय?" जरा थांबला. मागे कोंबडा आरवत होता. "आतच हाय. तोंड खाली."

"काढता येईल का?"

"काढायला काय," तो म्हणाला. "पर साहेब, रस्ता बसंल. सध्या गाड्या उसाच्या जात्यात, डबल ट्रॉलीच्या. त्यो घेतोय समदं अंगावर."